कॅरियरवरचं गाठोडं

तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी त्याच्यासाठी सायकल चालवायला लागले. तसं नाहीये हां. आधी सायकल होती. मग घाटी आली, मग गवत... आणि मग तो.

ऑक्टोबरातला रविवार. सकाळच होती, पण ऊन असं की हँडलला हात लावला की चटका. आंबेखोल गावाच्या घाटीखाली, म्हणजे उभ्या चढणीखाली, लोकांनी झोडलेल्या भाताचं गवत अर्ध्या रस्त्यावर वाळत टाकलेलं. मी ऐटीत त्याच्यावरून सायकल घातली आणि मागचं चाक करकरत थांबलं. बघते तर चेनमध्ये, गिअरमध्ये, सगळीकडे गवत. कुणीतरी बसून वेणी घातल्यासारखं. मी रस्त्याकडेला उकिडवी बसून एकेक काडी ओढत होते, तेवढ्यात बाजूने एक सायकल सुळकन वर गेली. सुळकन म्हणजे काय सांगू... त्या घाटीला मी दोनदा थांबते, आणि हा सीटवरून उठला पण नाही.

वळणावर दिसेनासा झाला. आणि थोड्या वेळाने उतारावरून परत खाली.

"सायकलीन गवात खाल्ल्यान काय गो?"

"खाल्ल्यान. तुका काय त्रास?"

"माका कसलो त्रास. आमच्या गावचा गवात आसा, म्हणान विचारलंय." तो खाली बसला, खिशातून वाकडी तार काढली आणि गिअरमधून गवत उपसायला लागला. मग मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. "तू ती टेम्पोवाली मां?"

झालं. म्हणजे त्याने मला ओळखलं, पण कशावरून, तर त्यावरून.

मी काम करते त्या दुकानातल्या वेनेसाला माहिती आहे, बाकीच्यांना सांगते. गेल्या वर्षी आम्ही देवगडचे सहा जण एका दिवसात देवगड ते आरोंदा निघालो होतो. सव्वाशे किलोमीटर, गोव्याच्या खाडीपर्यंत. मी तयारी म्हणून काय केलं होतं, तर नवीन टी-शर्ट घेतला होता. मालवणपर्यंत गाणी म्हणत गेले, परुळ्याच्या चढणीला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि मी रस्त्यावर बसून रडले. आमच्या देवगडच्या लवूचा मच्छीचा टेम्पो चालला होता. त्याने मला पुढे बसवलं आणि सायकल मागे बर्फाच्या पेट्यांवर. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. तेव्हापासून अख्ख्या देवगडात मी टेम्पोवाली. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला आलेली माणसंसुद्धा... "बाय, तू ती टेम्पोवाली?"

म्हणून यंदा मला आरोंद्याला पोचायचंच होतं. पण ग्रुपमधल्या एकाचं लग्न झालं, एक मस्कतला गेला, बाकीच्यांना एकदम कामं आठवली. आणि बाबांचं एकच म्हणणं, सोबत हवी. "शेवटापर्यंत कोण वांगडा आसलो तर जा. एकटी नाय."

हे सगळं मी त्या अनोळखी मुलाला गवत काढता काढता सांगून टाकलं. का, ते विचारू नका. त्याचं नाव मितेश, काजूच्या कारखान्यात मशीनवर असतो, एवढंच त्याने सांगितलं. सायकल उभी करून दिली, पेडल गरागरा फिरवून बघितलं आणि म्हणाला, "फुडच्या आयतवारी हयच ये. लवकर ये, ऊन चढायच्या आधी. आणि कायतरी खावन ये, टी-शर्ट घेव नको."

पुढच्या रविवारी घाटीखाली तो उभा होता. आणि त्याच्या कॅरियरवर एक गाठोडं. गोणपाटात गुंडाळलेलं, जाळ्याच्या हिरव्या दोरीने करकचून बांधलेलं.

गंमत म्हणजे, हा चढायला लागला तर माझ्याइतकाच हळू. धापा टाकतोय, घाम गळतोय. मी मनात म्हटलं, अच्छा... म्हणजे गेल्या वेळचं सुळकन माझ्यासमोर भाव खायला होतं तर.

"काय आसा ता गाठोड्यात?" वर पोचल्यावर मी विचारलं.

"पावणे."

"खरा सांग."

"आरोंद्याक पोचलंव काय सांगतंय."

आता मला सांगा, असं कुणी सांगितलं की माणसाला झोप येते का?

दुकानात मी आणि वेनेसा फ्रेमा पुसता पुसता तोच विचार करायचो. वेनेसा म्हणाली, मासे असतील. मी म्हटलं, मासे असते तर वास आला असता. मग म्हणाली, कोंबडा. दर रविवारी कोंबडा कुठे नेईल गो? "मग पेटी असेल. भजनाला वाजवतो आणि तुला सांगायला लाजतो." हे मला जरा पटलं. पुढच्या रविवारी मी मुद्दाम गाठोड्यावर बोटाने टकटक केलं. पेटीचा आवाज नव्हता. तो एवढंच म्हणाला, "पावण्यांका जागे करू नको."

असे आम्ही दर रविवारी जायला लागलो. आधी आचऱ्यापर्यंत, मग मालवणपर्यंत, मग मालवणच्या पुढे खाडीवरच्या पुलापर्यंत आणि परत. त्याने मला काय काय शिकवलं... चढ सुरू व्हायच्या आधी गिअर उतरवायचा, पाय भरून आल्यावर नाही. भूक लागायच्या आधी खायचं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत कोकमाचं आगळ, मीठ आणि थोडा गूळ. चढाचं वरचं टोक बघायचं नाही, समोरच्या चाकाकडे बघायचं. मी माझ्या हँडलला एक छोटा आरसा लावला. मागच्या गाड्या दिसाव्यात म्हणून. हसू नका, खरंच त्यासाठीच लावला होता. पण तो नेहमी माझ्या मागेच असायचा, आणि आरसा कसाही फिरवला तरी त्यात गाडी काही यायची नाही... त्याचं नाक यायचं.

"आरशात काय बघतंस?"

"ट्रक."

"ट्रकाक मिशी आसा?"

नोव्हेंबरात मी ती घाटी न थांबता चढले. वर पोचून मागे बघितलं तर तो अजून खाली. आला आणि सायकलीवर ओणवा होऊन नुसता हसत राहिला. कपाळावरून घाम नाकावर, नाकावरून हँडलवर, आणि हा हसतोय. मला वाटलं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "केळा खा."

आणि एक. मी शपथेवर सांगते, ते गाठोडं दर आठवड्याला लहान होत होतं. वेनेसा म्हणाली, तुझा भास आहे. पण मी दिवसभर लोकांचे नंबर बघते, माझे डोळे चांगले आहेत.

डिसेंबरातला दुसरा रविवार ठरला. कारखान्याला सुट्टी, दुकानाला सुट्टी, हवा थंड. कुठे थांबायचं, जेवण वेंगुर्ल्याला, पंक्चर झालं तर काय, सगळं ठरलं. बाबांनी लवूला सांगून ठेवलं की संध्याकाळी रेडी बंदराकडून येताना आरोंद्याला जाऊन दोघांना घेऊन ये. म्हणजे येताना टेम्पो. जातानाचा प्रश्न होता.

आणि रविवारच्या आधी, बुधवारी दुपारी, मितेश दुकानात आला. पहिल्यांदाच. नंबर तपासायच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि समोरच्या अक्षरांकडे बघत राहिला. वेनेसा लगेच आत स्टॉक मोजायला गेली. तिने आयुष्यात कधी स्टॉक मोजलेला नाही.

"दिसत नाय?" मी विचारलं.

"दिसता. सांगूक जमणा नाय." मग तोंड फिरवून म्हणाला, "देवान कौल दिल्यान. शुक्रवारपासून गावपळण."

आंबेखोलची गावपळण. दर तीन वर्षांनी अख्खा गाव शिवेच्या बाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. गावात चूल पेटत नाही, कुणी आत पाऊल टाकत नाही. झावळांच्या खोपी बांधून तीन रात्री काढायच्या आणि मग देवाने परत कौल दिला की घरी जायचं. तारीख माणसं ठरवत नाहीत. देवाला विचारतात, तो सांगेल ती.

"तीन वर्सांनी एकदा येता, आणि तुका याद नव्हती?"

"वरीस म्हायत होता. तारीख देवाक म्हायत होती."

"मगे आपण आयतवार ठरवलंव तेवा बोलाक काय झाला?"

तो खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन खरवडायला लागला. "तू येवडी खुशीत होतंस... माका वाटला देव फुडची तारीख देतलो." जरा थांबून म्हणाला, "घरात म्हशी आसत, आईबाबा आसत, पाणी भरूक कोण नाय. माका रवाक व्हया."

मला राग आला होता, पण कुणावर धरायचा? त्याच्यावर धरवत नव्हता आणि देवावर धरायची हिंमत नव्हती. पुढच्या रविवारी कारखान्यात काजूचा माल येणार, त्याच्यापुढे जत्रा, मग आमच्याकडे आंब्याची फवारणी. म्हणजे यंदाचं गेलंच. मी म्हटलं, "जा तू." तो गेला. दारात वळून म्हणाला, "माका पण जावचा होता. तुका वाटता तेच्यापेक्षा जास्त." आणि मी दिवसभर लोकांना चुकीच्या फ्रेमा दाखवल्या.

रविवारी मात्र पहाटे जाग आलीच. बाबा म्हणाले, "शिवेपर्यंत जा आणि परत ये. थयसून फुडे नाय." मी हो म्हटलं. पण दोन्ही बाटल्या भरल्या, केळी घेतली, लाडू घेतले, पंक्चरचं सामान घेतलं. सवयीने हो. वेनेसा म्हणते सवयीने नाही. ती काही म्हणेल.

घाटीच्या अलीकडे, जिथे आंबेखोलची शीव लागते, तिथे काजूच्या झाडांखाली नवीनच गाव झाला होता. ओळीने खोपी, त्यांच्यातून धूर, टोपलीखाली कोंबड्या, दाव्याला म्हशी. एक मांजर पिशवीत घालून आणलेलं, ते पिशवीतून डोकं काढून सगळ्यांवर चिडलेलं. बायका फुगड्या घालून दमून बसलेल्या. आणि पलीकडे रिकामा रस्ता, रिकामी घरं, कुठे आवाज नाही. मला एवढं बघावंसं वाटत होतं ना, की राग कुठे गेला ते कळलंच नाही.

मितेश नव्हता. त्याची आई होती. "तू तेजस्वी मां? बस गो बाय, च्या घे. माझो झील मितेश व्हाळार पाणी हाडूक गेलोहा."

जांभ्या दगडाच्या तीन चिऱ्यांची चूल मांडली होती. वर चहाचा टोप, आणि टोप एका बाजूला कललेला. आई त्याला सारखा हाताने सावरत होती.

"टोप वाकडो कित्याक?" मी विचारलं.

"एक चिरो बारको आसा मां. आमच्या झिलाचे उपद्व्याप." तिने पळीने दाखवलं. दोन चिरे चांगले मोठे, आणि तिसरा तासून तासून नारळाएवढा झालेला. बाजूला गोणपाट पडलं होतं. आणि हिरवी दोरी.

मी दोरी उचलून बघितली, तीच, जाळ्याची.

"काय सांगू तुका," आई म्हणाली, "दसरो झाल्यापासून तेका खूळ लागला. दर आयतवारी चिरो सायकलीर बांधूनच भायेर पडता. आणि दर शनवारी कुराड घेवन बसता, वायच तासता. इचारलंय, रे मेल्या, करतंस काय? तर म्हणता, वजन जमवतंय. आता असल्या चिऱ्याचा करायचा काय? म्हणान चुलीक लावलंय."

पहिल्या रविवारी सुळकन. दुसऱ्या रविवारी गाठोडं. आणि धापा. आणि दर आठवड्याला लहान होत जाणारं गाठोडं... माझे डोळे चांगले आहेत, म्हटलं होतं ना मी.

तेवढ्यात तो आला, दोन्ही हातांत पाण्याच्या कळशा. मी दिसल्यावर थांबला. मग चुलीकडे बघितलं, मग आईकडे, मग परत माझ्याकडे. पाणी पायावर सांडत होतं, तेही त्याला कळत नव्हतं.

खोपीच्या दारात त्याचे वडील विडी ओढत बसले होते. सगळा गाव त्यांना दाजी म्हणतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि खरंच मला जाणून घ्यायचं होतं म्हणून, मी विचारलं, "दाजीनू, शिवेच्या भायेर म्हणजे किती भायेर?"

"म्हणजे गो?"

"हय, ह्या काजीकडे रवलां तर चलता. थय व्हाळापर्यंत गेलां तर?"

"चलता. पाणी थयसूनच हाडतत."

"आचऱ्याक गेलां तर?"

"काल मच्छी हाडूक गेललंय."

"मालवणाक?"

दाजींनी विडी खाली केली. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. त्यांनी शेजारच्या खोपीकडे मान वळवली. "मंगेशा, रे, तुझो भाव ठाण्याक आसा, तेची गावपळण झाली काय?"

"झाली मां दाजी. तो बारा वर्सां भायेरच आसा," आतून आवाज आला, आणि सगळ्या खोपी हसल्या. मग त्यांच्यात चांगलीच चर्चा पेटली. कुणी म्हणालं खोप सोडायची नसते, कुणी म्हणालं कामावर जाणारे जातातच, एका म्हातारीने विचारलं की मालवणाच्या पुढे पण गाव आहेत काय. शेवटी दाजींनी हात वर केला.

"देवान भायेर रवाक सांगल्यान," ते म्हणाले. "किती भायेर, तां सांगूक नाय."

मितेश कळशा घेऊन अजून तसाच उभा. "बाबा, आणि म्हशी?"

"म्हशी तुझ्या जल्माच्या आधीपासून मी बघतंय. कळशे ठेव आणि सायकल काढ. त्या चेडवाच्या बापाशीक फोन लाय, मी बोलतंय."

फोनवर दाजींनी बाबांचा होकार मिळवला. गावातून जायचं नव्हतं, म्हणून सड्यावरून, म्हणजे वरच्या माळावरून, वळसा. आमच्या कुठल्याच बेतात नसलेला, त्या घाटीपेक्षा उभा चढ. मी समोरच्या चाकाकडे बघत चढले. वर सडा, पिवळं सुकलेलं गवत, आणि लांब समुद्राची एक रेघ. त्याचं कॅरियर रिकामं होतं, तरी तो माझ्या बरोबरीने होता.

"चिरो खंय?" मी विचारलं.

त्याने ब्रेक मारला. "आईन सांगल्यान?"

"टोपान सांगल्यान."

तो सायकलीवरून उतरला. दोरी नसलेल्या कॅरियरवर बोटं फिरवली. "पयल्या दिवशी वर गेलंय. मागे बघलंय तर कोण नाय... वाटला, वर पोचान करतलंय काय, एकटो? म्हणान खाली इलंय." मग म्हणाला, "माका हळू चलवूक येणा नाय, तेजू. कितीय ठरवला तरी फुडेच जातंय. आणि तू मागे रवतलंस... म्हणान बांधलंय चिरो."

"आणि तासलंस कित्याक?"

"तू वाढत होतंस मां. तेवडो मी उतरवलंय."

माझे कान एवढे तापले होते की हेल्मेट काढावंसं वाटलं. मी फक्त आरसा नीट केला, तो दिसेल असा, आणि पेडल मारलं.

मालवण झालं, खाडीचा पूल झाला. आणि परुळ्याची चढण. गेल्या वर्षीची. मागून हॉर्न आला तोसुद्धा मी ओळखला. लवू टेम्पो अगदी हळू करून बाजूने चालवायला लागला. "बर्फार जागा आसा गो. चढतंस?"

"सांजेक ये," मी म्हटलं, आणि चढत राहिले.

वर पोचून आरशात बघितलं तर आरसा रिकामा. मितेश चढाच्या मध्यावर सायकल आडवी टाकून पोटरी धरून बसलेला. दोन रात्री जमिनीवर झोपलेला, दिवसभर पाणी भरलेलं, आणि सकाळपासून चिऱ्याशिवाय ऐटीत. मी खाली गेले. त्याला आगळ पाजलं, पाय ताणून धरला.

"तू जा फुडे," तो म्हणाला. "नायतर तुझा पोचाचा रवात."

"आरोंद्याक पोचान करतलंय काय, एकटी?"

मग मी त्याला केळं दिलं आणि म्हटलं, खा. त्यानंतर वेंगुर्ला, मग शिरोडा, मी हळू चालवली. माझ्याकडे चिरा नव्हता, पण मला हळू चालवता येतं.

आरोंद्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खाडी भरलेली, दोन होड्या बांधून डुलत होत्या, आणि पलीकडे गोव्यात कुणाच्या तरी घरी दिवा लागला. आम्ही धक्क्यावर पाय सोडून बसलो. पाय असे थरथरत होते की त्याचा लागला का माझा, ते कळत नव्हतं. माझा हात होता त्याच्या बाजूला. त्याचा पण होता. मग मध्ये काही जागा राहिली नाही.

"पोचलंव," तो म्हणाला.

"आता सांग. गाठोड्यात काय होता?"

"तुका म्हायत आसा."

"तुझ्या तोंडान सांग. आरोंद्याक सांगतंय म्हणालंस."

"तुझ्या वांगडा रवाचा होता," तो म्हणाला. "तां होता तेच्यात. दुसरा काय नाय."

मागे रस्त्यावर लवूच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. आम्ही दोघंही उठलो नाही.

"उद्या कौल झालो काय गाव भरतलो," तो म्हणाला. "चूल मोडतली. त्या चिऱ्याचा काय करू? टाकू?"

"टाकू नको," मी म्हटलं. "चुलीक तीन लागतत."

"मगे?"

"मगे काय... आणखी दोन घे. त्याच मापाचे तास. आपलो टोप वाकडो रवाक नको."

त्याने माझ्याकडे बघितलं. कानापर्यंत लाल. आणि लवूने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे आम्ही सायकली उचलून बर्फाच्या पेट्यांवर चढवल्या.